सोलो नंतर, आधी साथ!

घरात कीबोर्ड आहे? नसेल तर भजनाची पेटी चालेल. आपल्या सिंधुदुर्गात प्रत्येक वाडीत एक तरी पेटी असतेच. गणपती झाले की ती कापडात गुंडाळून माळ्यावर जाते, एवढंच. ती खाली काढा, धूळ पुसा आणि पांढरी एकचा सा धरा.

आता फक्त दोन स्वर एकत्र दाबा. शुद्ध ग आणि त्याच्या वरचा कोमल नी. ऐकायला जरा अस्वस्थ वाटतं ना? कोणीतरी वाक्य अर्ध्यावर सोडून उठून गेल्यासारखं. आता दोन्ही बोटं अर्धा स्वर खाली सरकवा. एक बोट कोमल ग वर येईल, दुसरं शुद्ध ध वर. परत जागेवर या. मग दोन्ही बोटं अर्धा स्वर वर न्या. शुद्ध म आणि शुद्ध नी. पुन्हा जागेवर.

झालं. तुम्ही आत्ता जे वाजवलंत, तो जॅझ पियानोवर वाजणाऱ्या ब्लूजच्या डाव्या हाताचा सांगाडा आहे. पहिली जोडी म्हणजे सी सेव्हन या कॉर्डचा गाभा, दुसरी एफ सेव्हनचा आणि तिसरी जी सेव्हनचा. अख्खा ब्लूज या तीन कॉर्डवर उभा राहतो आणि ते तिन्ही तुमच्या दोन बोटांत, अर्ध्या-अर्ध्या स्वराच्या अंतरावर बसलेत. पियानोवाले याला ‘शेल’ म्हणतात, म्हणजे नुसती करवंटी. आतलं खोबरं नंतर भरायचं.

हे एवढं सोपं असेल तर मग ब्लूज वाजवणं अवघड का जातं? माझं मत सांगते. आपण चुकीच्या टोकाने सुरुवात करतो. आपल्याला पहिल्या दिवसापासून सोलो वाजवायचा असतो. जॅझ मात्र आधी साथ करायला शिकवतो. आणि साथ शिकायची तर आपल्या जिल्ह्यासारखी शाळा शोधूनही सापडणार नाही. कशी, ते सांगते. पण आधी सांगाडा पूर्ण करू.

बारा खोल्यांचं घर

ब्लूज बारा बारचा असतो. (हायवेवरचे नव्हेत! बार म्हणजे चार मात्रांचा एक खण.) बारा खण, प्रत्येकी चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन. ते संपलं की पुन्हा पहिल्यापासून. जॅझवाले या आवर्तनाला ‘कोरस’ म्हणतात. आपला भजनातला कोरस वेगळा, गोंधळू नका.

पहिले चार खण सी सेव्हन. पुढचे दोन एफ सेव्हन. मग दोन पुन्हा सी सेव्हन. नववा जी सेव्हन, दहावा एफ सेव्हन आणि शेवटचे दोन परत घरी, सी सेव्हनवर. दोन बोटांची ती वर-खाली सरकण्याची चाल या क्रमाने बसवा. पायाने ठेका धरा, टाळी मात्र दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्या. आपला हात सवयीने पहिल्या मात्रेवर, समेवर जाणार. त्याला आवरणं हाच पहिला रियाज.

आता उजवा हात. सा, कोमल ग, म, प, कोमल नी. ओळखीचं वाटलं? शास्त्रीय शिकणाऱ्यांना लगेच कळेल, हे धानी रागाचे स्वर आहेत. त्यात म आणि प यांच्या मध्ये तीव्र म टाका, की ब्लूज स्केल तयार. पण इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ‘म्हणजे ब्लूज हा आपलाच धानी’ असलं वाक्य कृपया स्टेटसला ठेवू नका. राग म्हणजे नुसती स्वरांची यादी नसते, त्याची स्वतःची चाल असते. आणि ब्लूजमध्ये एक गोष्ट अशी आहे जी आपल्या कानाला नवी आहे. आपल्याकडे तानपुऱ्याचा सा अढळ असतो. ब्लूजमध्ये वरचा स्वर तोच राहतो आणि खालची जमीन सरकते. कोमल ग पहिल्या खणात घ्या, डाव्या हातातल्या शुद्ध ग शी तो भांडेल. तोच कोमल ग पाचव्या खणात घ्या, तिथे तो घरचा होऊन बसेल. स्वर बदलला नाही, त्याचं नातं बदललं. हे एकदा कानाला ऐकू आलं की अर्धा ब्लूज कळला.

पियानोची आणि पेटीची एकच अडचण

ब्लूजमधला सगळ्यात जिव्हाळ्याचा स्वर पियानोवर नाहीच. तो कोमल ग आणि शुद्ध ग यांच्या मध्ये कुठेतरी असतो. गायक तिथे सहज जातो, गिटारवाला तार ओढून तिथे पोचतो. पियानोच्या दोन पट्ट्यांमध्ये मात्र भिंत आहे. मग पियानोवाल्यांनी काय केलं? कोमल ग ला निसटता स्पर्श करून बोट शुद्ध ग वर घसरवलं. कधी दोन्ही पट्ट्या एकदमच चिरडल्या. कानाला वाटतं, स्वर वाकला.

आपल्या पेटीवर हाच आरोप होता. मींड निघत नाही, श्रुती नाहीत, म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीन दशकं टिकली. या काळात पेटीवाले गप्प बसले का? नाही. त्यांनी कणस्वर, भात्यावरचा दाब, बोटांची घसट यांतून गळ्याच्या जवळ जायची वाट काढली. आपल्या शेजारच्या गोव्यातल्या बोरी गावचे पं. तुळशीदास बोरकर यांना २०१६ मध्ये याच वाद्यासाठी पद्मश्री मिळाली. जे वाद्यात नाही ते वादकाने बोटांतून आणायचं, हा धडा पियानो आणि पेटी दोघांनीही आपापल्या परीने शिकवला.

स्वर येतात, पण बोलत नाहीत

इथपर्यंत कोणीही मोबाइलवर बघून येऊ शकतं. पुढे अडतं. एका व्हिडिओत पाच ‘लिक’ मिळतात, म्हणजे तयार तुकडे. ते पाठ होतात, वेगात वाजतात, पंधरा सेकंदांची रीलही होते. पण कोणाबरोबर बसून वाजवायची वेळ आली की तेच पाच तुकडे त्याच क्रमाने बाहेर येतात. समोरचा काय करतोय याच्याशी त्यांचा संबंध नसतो. लग्नात पाठ करून केलेल्या भाषणासारखं. शब्द बरोबर असतात, पण ते कोणालाच उद्देशून नसतात.

आता जत्रेत या. कार्तिक लागला की आपल्याकडे दशावताराचा हंगाम सुरू होतो. आपण राजपार्टी बघतो, स्त्रीपार्टी बघतो, संकासुराच्या मालवणीवर हसतो. यंदा एक काम करा. रंगमंचाच्या कडेला पायपेटीवर जो माणूस बसलाय, तासभर फक्त त्याच्याकडे बघा.

त्याच्यासमोर कागद नाही. नटांसमोरही नाही. आज कोणतं आख्यान लावायचं हे ठरतं, कोणी कोणती भूमिका करायची हे ठरतं, प्रवेशांचा क्रम ठरतो. संवाद मात्र नट उभ्या-उभ्या रचतात. म्हणजे राजा किती वेळ बोलणार, कुठे थांबणार, कोणत्या शब्दावर पद सुरू करणार, हे पेटीवाल्याला आधी माहीत नसतं. तो नटाचा श्वास बघतो. आवाज चढायला लागला की स्वर देऊन ठेवतो. विलापाला वेगळा राग, युद्धाला वेगळी लय, आणि ती पखवाज-झांजेशी जुळवून. नट कुठे अडखळला तर पेटीचे दोन सूर मधल्या जागेत येऊन बसतात. प्रेक्षकाला वाटतं, तो ठरवूनच थांबला होता.

जॅझमध्ये याला ‘कॉम्पिंग’ म्हणतात. सोलो वाजवणाऱ्याच्या मागे पियानोवाल्याने कॉर्ड कधी टाकायचा, किती टोचायचा, कधी पूर्ण गप्प बसायचं, ही ती विद्या. चांगला पियानिस्ट आधी यात तयार होतो. ऐकायचं असेल तर माइल्स डेव्हिसचा १९५९ चा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा अल्बम लावा. त्यात ‘फ्रेडी फ्रीलोडर’ नावाचा बारा खणांचा ब्लूज आहे आणि पियानोवर विंटन केली आहे. पहिला सोलो त्याचाच. पण दुसऱ्यांदा ऐकताना त्याचा सोलो संपल्यानंतर काय होतं ते ऐका. इतर वाजवत असताना तो मागून काय करतो? कुठे एक टिचकी, कुठे मोकळी जागा. आवर्तनाच्या शेवटी एक अनपेक्षित कॉर्ड ठेवलाय, तोही सापडतो का बघा.

आणखी एक योगायोग. हातपेटीवर एक हात भात्यात अडकतो. दशावतारातल्या पायपेटीला भाता पायाने मारतात, त्यामुळे दोन्ही हात मोकळे. पियानो नसलेल्या आपल्या जिल्ह्यात पियानोच्या सगळ्यात जवळचं वाद्य जत्रेच्या रंगमंचावर आहे!

बारीचा सवाल, ब्लूजचा जवाब

दुसरी शाळा डबलबारीची. दोन बुवा, दोन मंडळं, रात्रभर सामना. एका बुवाने गजरात टोला हाणला की दुसऱ्याला आपल्या बारीत उत्तर द्यायचंच असतं, तेही चालीत आणि पेटी वाजवत. लोकांना वाटतं, बुवांना हे जागेवर सुचतं. हो, सुचतं. पण कशामुळे सुचतं ते बघा. बुवा ओळ म्हणतो, कोरस ती उचलतो. कोरस गात असतो तेवढ्या वेळात बुवा पुढच्या ओळीचा विचार करतो. पुनरुक्ती म्हणजे उगाच भर नव्हे, ती विचाराला मिळालेली जागा आहे.

ब्लूजचं गाणं नेमकं याच हिशोबाने बांधलेलं असतं. पहिली ओळ म्हणायची. तीच पुन्हा म्हणायची. मग तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. चार-चार खणांचे तीन भाग. प्रत्येक भागात साधारण दोन खण आवाज आणि उरलेल्या दोन खणांत वाद्याचं उत्तर. म्हणून सोलोचा पहिला रियाज असा करा. तीन-चार स्वरांचं एक छोटं वाक्य घ्या. वाजवा, थांबा. तेच वाक्य खाली एफ सेव्हन आल्यावर पुन्हा वाजवा. आता ते वेगळं का वाटलं ते ऐका. शेवटच्या चार खणांत त्याला उत्तर द्या. एका आवर्तनात एवढंच. हात शिवशिवतील, जास्त वाजवावंसं वाटेल. नका वाजवू.

गाव सोडायचं, पण गणपतीला यायचं

‘हे सगळं जुनं झालं, मॉडर्न कुठाय?’ असं विचाराल. मॉडर्न म्हणजे हेच बारा खण, फक्त त्यात फिरायच्या वाटा वाढल्या. चार्ली पार्करने १९५१ च्या ‘ब्लूज फॉर अ‍ॅलिस’मध्ये तेच बारा खण ठेवले आणि आत इतके कॉर्ड भरले की जवळपास प्रत्येक खणात रस्ता वळतो. जॉन कोल्ट्रेनबरोबर वाजवणाऱ्या मॅकॉय टायनरने डाव्या हाताची बांधणीच बदलली. सा, म, कोमल नी असे लांब-लांबचे स्वर एकावर एक रचले. पेटीवर दाबून बघा. हा कॉर्ड आनंदी की दुःखी तेच सांगता येत नाही, दार उघडं ठेवल्यासारखा वाटतो.

आणि मग ‘बाहेर जाणं’. उजव्या हाताचं वाक्य मुद्दाम अर्धा स्वर वर सरकवून वाजवायचं. चूक झाली की काय असं ऐकणाऱ्याला वाटेपर्यंत बाहेर राहायचं आणि मग खणाच्या पहिल्या मात्रेवर अचूक घरी यायचं. आपल्याला हे शिकवायला नको. वर्षभर मुंबईत राहिलेला चाकरमानी चतुर्थीला दारात उभा राहतो, त्याची मजा तो बाहेर गेला होता म्हणूनच असते. पण गाडीची तारीख चुकून चालत नाही. ज्याला घर पक्कं माहीत आहे त्यानेच बाहेर जावं.

साथ म्हणजे काय, याचा एक किस्सा पियानिस्ट हर्बी हॅनकॉक नेहमी सांगतो. १९६० च्या दशकात युरोपातल्या एका मैफलीत माइल्स डेव्हिसच्या सोलोमागे त्याच्याकडून साफ चुकीचा कॉर्ड पडला. माइल्स क्षणभर थांबला आणि त्याने असे स्वर वाजवले की तो कॉर्ड बरोबर ठरला. हॅनकॉक म्हणतो, माइल्सने त्याला चूक मानलंच नाही, फक्त घडलेली एक गोष्ट मानलं आणि तिचं काय करता येईल ते बघितलं. हे वाचून दशावतारातला पेटीवाला कदाचित म्हणेल, ‘मगे? आमी रोज दुसरा काय करतंव?’

‘पण जॅझ आपलं नाहीच ना’

हा आक्षेप रास्त आहे आणि टाळून चालणार नाही. ब्लूज अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचा. गुलामगिरी कायद्याने संपली तरी शेतात आणि रस्त्यावर जे सोसावं लागलं, त्यातून तो आला. त्याला ‘त्यांचं भजन’ म्हणून गोंडस करणं म्हणजे त्यांच्या वेदनेवर आपलं लेबल लावणं. म्हणून उधार घेताना कोणाकडून घेतोय ते माहीत असायला हवं.

पण उधारी इथे नवी नाही. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये टेडी वेदरफर्डसारखे आफ्रिकन-अमेरिकन पियानिस्ट वाजवत होते. तेरेखोलच्या पलीकडच्या गोव्यातले वादक चर्चच्या शाळांतून नोटेशन शिकून मुंबईत आले होते. आल्दोना गावचा अँटोनिओ झेवियर वाझ पुढे चिक चॉकलेट नावाने गाजला. त्याचा ट्रम्पेट आणि आपल्या सी. रामचंद्रांचं संगीत १९५१ च्या ‘अलबेला’मध्ये एकत्र आलं आणि आपल्या आजी-आजोबांनी त्यावर माना डोलावल्या. कागद वाचता येणं ही या वादकांची मोठी ताकद होती. पण ब्लूज कागदावर पुरता उतरत नाही. तो शेजारी बसूनच घ्यावा लागतो.

‘शेजारी बसणं’ हीच गोष्ट आपल्या हातून निसटतेय, असं मला वाटतं. कीबोर्डवर एक बटण दाबलं की ड्रम, बेस, कॉर्ड सगळं आपोआप वाजतं. एकट्याने सराव करायला ते छानच. पण ते यंत्र तुमचं ऐकत नाही. तुम्ही थांबलात तरी ते थांबत नाही, तुम्ही चुकलात तर सावरून घेत नाही. त्याच्याबरोबर दोन वर्षं वाजवलं की आपल्यालाही ऐकायची गरज वाटेनाशी होते. आणि पलीकडे पायपेटीवर बसणाऱ्याच्या शेजारची जागा रिकामीच राहते. तिथे बसून शिकणारं कोणी नसेल तर ही विद्या पुस्तकातून परत आणता येणार नाही, कारण ती पुस्तकात कधी नव्हतीच.

मग करायचं काय?

युवा महोत्सवात आपण महिनाभर बसवलेलं सादर करतो. ते हवंच. पण कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये दहा मिनिटं अशी ठेवा, ज्यांची तालीम होणार नाही. एक पेटी किंवा कीबोर्ड, एक पखवाज किंवा कहोन, एक गाणारा. बारा खण ठरलेले, बाकी काही नाही. नंबर नाही, ट्रॉफी नाही. नियम एकच. प्रत्येकाने एक आवर्तन सोलो वाजवायचा आणि तीन आवर्तनं दुसऱ्याला साथ करायची. टाळ्या साथीला.

संगीत शिकत नसाल तरी हे तुमच्याच कामाचं आहे. ग्रुप डिस्कशनमध्ये, इंटरव्ह्यूत, मित्राच्या कठीण दिवसात आपण पाठ केलेले तुकडे वाजवतो की समोरच्याचं ऐकून बोलतो? आयत्या वेळी सुचणं ही देवाची देणगी आहे, असं म्हणून आपण सुटून जातो. ती देणगी नाही. चौकट पाठ असणं, कान उघडे असणं आणि गप्प बसायची तयारी असणं, या तीन गोष्टींची ती बेरीज आहे. तिन्ही शिकता येतात.

तेव्हा पुढच्या जत्रेला जरा लवकर जा. नाटक उभं राहायच्या आधी पेटीवाल्याला नमस्कार करा आणि ‘काका, बाजूक बसू काय?’ एवढं विचारा. पहिली रात्र काही वाजवू नका. नुसतं त्याच्या बोटांकडे आणि तो ज्याच्याकडे बघतोय त्याच्याकडे बघा. दहीकाल्यापर्यंत थांबलात, तर ब्लूजचा पहिला धडा झाला म्हणून समजा.